'सापडले नाही' : एका शेऱ्याची चौकशी



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'चारशे चार' एवढेच उत्तर दिले. ते पेशाने वकील. त्यांनी लगेच विचारले, "हे कलम फौजदारीतले की दिवाणीतले?" मी म्हटले, यात गुन्हा घडलेला असतोही आणि नसतोही, आणि तो घडला आहे की नाही हे ठरवण्याचीच तर सारी यातायात आहे. त्यांनी विषय तसाच छापला.

हा आकडा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. फोनवर एखादे पान उघडू जावे आणि पानाऐवजी '४०४' हा आकडा व 'सापडले नाही' असा शेरा समोर यावा, हा अनुभव आता कोणाला नवा नाही. आपण क्षणभर चडफडतो आणि दुसरीकडे वळतो. पण ज्या दारावरून आपण असे विन्मुख परततो, त्या घरी आपल्या येण्याची नोंद होते, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. मी आज बोलणार आहे तो पाहुण्याच्या बाजूने नव्हे, तर घराच्या बाजूने. संगणकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ सांभाळतो. मानधन म्हणून दोन वेळचा चहा मिळतो, आणि वर्तमानपत्र सर्वांच्या आधी वाचावयास मिळते. त्यामुळे ती वही रोज माझ्या डोळ्यांखालून जाते.

त्या वहीला 'लॉग' म्हणतात. शब्द मूळचा दर्यावर्दी लोकांचा. पूर्वी जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोरीला बांधलेला लाकडाचा ठोकळा पाण्यात सोडीत. त्या ठोकळ्याचे नाव वेग लिहून ठेवण्याच्या वहीला चिकटले, आणि वहीवरून ते आमच्या सर्व्हरपर्यंत आले. सर्व्हर म्हणजे संकेतस्थळाची पाने बाळगणारा आणि मागेल त्याला ती देणारा संगणक. प्रत्येक मागणीची तो एक ओळ लिहितो. मागणारा यंत्राच्या कोणत्या क्रमांकावरून आला, कोणत्या क्षणी आला, त्याने नेमका कोणता पत्ता मागितला, त्याला काय उत्तर मिळाले, किती मजकूर गेला, तो कोठून आला आणि स्वतःला काय म्हणवतो, इतक्या गोष्टी त्या एका ओळीत मावतात. उत्तर तीन आकड्यांत असते. २०० म्हणजे ठीक, दिले. चारने सुरू होणारा आकडा म्हणजे मागण्यात काही गफलत आहे. पाचने सुरू होणारा म्हणजे आमचेच काही बिघडले आहे. ४०४ चा अर्थ, या पत्त्यावर काही सापडले नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत, जेथे टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ ते १९९१ या काळात वेबची उभारणी केली, तेथे म्हणे ४०४ क्रमांकाची खोली होती आणि तीत हरवलेल्या फायली राहत. ही गोष्ट मोठ्या चवीने सांगतात. ती खोटी आहे. वेबच्या उभारणीत बर्नर्स-ली यांचे सहकारी असलेले रॉबेर कायो यांनी तिला स्वच्छ नकार दिलेला आहे.

आता चौकशीचा प्रारंभ. नवखा माणूस ४०४ ची ओळ पाहिली की स्वतःचेच कपाट उपसू लागतो : आपले कोणते पान हरवले? मीही सुरुवातीला तेच करी. पण पुष्कळदा असे दिसते की मागितलेले पान आपल्याकडे कधी नव्हतेच. मग विचारावयाचा प्रश्न वेगळा होतो. 'माझे काय हरवले' हा प्रश्न बाजूला ठेवून 'ते माझ्याकडे आहे असे याला कोणी सांगितले' असे विचारावे लागते. हा प्रश्न बदलला की ती ओळ बोलू लागते.

सांगणारा कोण, याचे उत्तर वहीतच मिळावे अशी मूळची योजना होती. पाहुणा दुसऱ्या एखाद्या पानावरची कळ दाबून आला असेल, तर त्या पानाचा पत्ता तो बरोबर आणतो. या रकान्याला 'रेफरर' म्हणतात. गंमत अशी, की नियम लिहिताना या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगातला एक 'आर' गळला, आणि १९९६ च्या नियमपत्रात तो तसाच कायम झाला. आज जगातले सारे ब्राउझर ते चुकीचे स्पेलिंग इमानाने पाळतात. परंतु हा रकाना आता पूर्वीइतका बोलका राहिलेला नाही. माणूस कोठकोठे हिंडतो ही त्याची खासगी गोष्ट, असा विचार होऊन २०२० च्या सुमारास क्रोमसारख्या प्रमुख ब्राउझरांनी दुसऱ्या संकेतस्थळाला पूर्ण पत्ता सांगणे आपण होऊन थांबवले. आता फक्त गाव कळते, घर कळत नाही. आमच्यासारख्यांची त्यामुळे अडचण झाली. तरी निर्णय योग्यच होता असे मला वाटते.

पाहुणा कोणाच्याही सांगण्यावरून आलेला नाही असे दिसले तर काय समजावे? याचे नामांकित उदाहरण १९९९ सालचे आहे. त्या वसंतात जगभरच्या संकेतस्थळचालकांच्या वह्यांत एकच न समजणारी मागणी उमटू लागली. 'फेव्हिकॉन डॉट आयको' नावाची फाइल द्या. अशी फाइल कोणाकडे नव्हती, कोणाच्या पानावर तिचा उल्लेख नव्हता, आणि मागणारे मात्र चांगले घरंदाज वाचक दिसत होते. शोध घेता कळले, की त्या मार्च महिन्यात मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररची पाचवी आवृत्ती काढली होती. वाचकाने एखादे पान आपल्या आवडत्या पानांच्या यादीत टाकले, की नावापुढे लावण्यासाठी एक चिमुकले चित्र तो ब्राउझर आपल्या आपणच मागू लागे. वाचकाने काही मागितले नव्हते. त्याच्या हातातले अवजार मागत होते. ज्यांना हे उमगले त्यांना त्या ओळीत एक बातमी दिसू लागली : आपले पान कोणीतरी जपून ठेवले. तक्रारीच्या रकान्यात कौतुक लिहिलेले असावे, तसा हा प्रकार. अर्थात काहींनी तेव्हाच आक्षेप घेतला, की वाचकाला काय आवडले हे त्याला न विचारता मालकाला कळता कामा नये. पुढे ब्राउझर ते चित्र पहिल्या भेटीतच सरसकट मागू लागले आणि ही चहाडी आपोआप संपली. आयफोन आले तेव्हा त्यांचेही असेच एक चित्र निघाले; तोच खेळ पुन्हा झाला.

दुसरे उदाहरण इतके गोड नाही. जुलै २००१ मध्ये 'डिफॉल्ट डॉट आयडीए' या नावाची आणि तिच्यापुढे 'एन' या अक्षराची लांबच लांब माळ जोडलेली मागणी वह्यांत येऊ लागली. ही 'कोड रेड' नावाची कीड होती. मायक्रोसॉफ्टच्या एका सर्व्हरात दोष असा होता, की ठरावीक मापाच्या भांड्यात त्याहून अधिक ओतले तर जास्तीचे सांडून आतल्या यंत्रणेवर पडे आणि आज्ञा म्हणून पाळले जाई. ते ओतण्यासाठी ती 'एन'ची माळ होती. दोषावरचा उपाय जूनमध्येच, म्हणजे महिनाभर आधी, जाहीर झाला होता. पण लावतो कोण! १९ जुलैला चौदा तासांच्या आत ३,५९,००० हून अधिक संगणक बाधित झाले. बाधित संगणक वाटेल ते क्रमांक काढून दारोदार तीच माळ घेऊन फिरे. ज्यांच्याकडे अपाची नावाचा वेगळा सर्व्हर होता, त्यांच्याकडे ती फाइलच नव्हती. तेथे शेरा पडे : ४०४, सापडले नाही. घर सुरक्षित राही, आणि ठोठावणाऱ्याचा क्रमांक वहीत राही. तो ठोठावणारा चोर नसे, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. त्याच्याच घरात कीड शिरलेली असे आणि त्या बिचाऱ्याला पत्ताही नसे. कित्येकांनी आपल्या वहीतून असे क्रमांक काढून त्या त्या मालकांना 'तुमचे यंत्र आजारी आहे' असे कळवले. आपल्या नकाराच्या ओळीत दुसऱ्याच्या दुखण्याची खबर होती.

आज तर असे ठोठावणे अखंड चालते. आमच्या वाचनालयाकडे वर्डप्रेस नाही. तरी वर्डप्रेसचे प्रवेशद्वार रोज मागितले जाते. ज्या फायलीत काही लोक परवलीचे शब्द ठेवतात, ती 'डॉट ईएनव्ही' नावाची फाइलही मागितली जाते. एका लहान गावच्या वाचनालयावर कोणाचा एवढा डोळा का असावा, असे आमच्या ग्रंथपालबाईंनी मला काळजीने विचारले होते. डोळा कोणाचाच नाही. गल्लीतल्या प्रत्येक कुलपाला हात लावून पाहणारा माणूस घरावरची पाटी वाचत नाही, तशातला हा प्रकार.

मग या गर्दीतून खरा वाचक ओळखावा कसा? एक साधी खूण सांगतो. पानाबरोबर चित्रे, अक्षरांची वळणे, मांडणीच्या फायली अशी वऱ्हाडमंडळी असते. माणसाचा ब्राउझर नकाराचे पान आले तरी त्या पानावरचे वाचनालयाचे बोधचिन्ह मागतो. कुलपे चाचपणारे यंत्र सहसा ते मागत नाही. त्याला बोधचिन्हाशी काय करावयाचे? ते एक ओळ लिहवून पुढच्या दाराकडे जाते. नाव पाहून मात्र ओळखू जाऊ नये. स्वतःला क्रोम म्हणवायला कोणाला परवाना लागत नाही.

येथे आपल्या भाषेचा एक प्रश्न आडवा येतो, त्यावर थोडे थांबतो. इंग्रजी पुस्तकात तो मिळावयाचा नाही. वेबच्या पत्त्यात देवनागरी अक्षर टाकले, तर प्रवासात त्याचे रूप बदलते. एका 'क' ची टक्क्यांच्या चिन्हांसह नऊ अक्षरे होतात. 'मराठी' या शब्दात संगणकाच्या हिशेबाने पाच चिन्हे. त्यांची पंचेचाळीस होतात. एवढा लांब पत्ता कोणी निरोपातून पाठवला आणि मध्येच तुटला, की झाले ४०४. पण हे दुखणे निदान डोळ्यांना दिसते. न दिसणारे दुखणे पुढेच आहे. आमच्याकडे डॉ. ॲनी बेझंट यांच्यावरील पुस्तकांचे एक पान होते आणि त्याच्या मराठी पत्त्यावर अधूनमधून ४०४ येई. मी वहीतला पत्ता उलगडून पाहिला, आमच्या पानाचा पत्ता शेजारी ठेवला. काना, मात्रा, वेलांटी, सारे जुळत होते. चष्मा पुसून पाहिले. दोन्ही एकच! ग्रंथपालबाई म्हणाल्या, "अहो, यंत्राला मराठी येत नसेल."

बाईंचे बोलणे बरेचसे खरे होते. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक मिळाला तो २००८ साली. त्याआधी 'अ' लिहून त्यावर चंद्र देण्याची रीत होती, आणि तसे लिहिणे आजही बंद झालेले नाही. कागदावर दोन्हींत केसभर फरक नाही. संगणकाला मात्र ती दोन निरनिराळी नावे. आमचे पान एका रीतीने नोंदले होते आणि काही वाचक दुसऱ्या रीतीने टंकून येत होते. 'ऱ' चेही तसेच. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक मराठी कान चुकणार नाही. पण 'दऱ्या' मधला तो अर्धा 'ऱ' लिहिण्याच्या दोन रीती युनिकोडने मान्य केल्या आहेत, आणि त्यांतल्या जुन्या रीतीत रुंदी नसलेले एक अदृश्य जोडचिन्ह मध्ये बसते. न दिसणाऱ्या अक्षरामुळे न सापडणारे पान! यावर उपाय एकच आहे. शोधण्यापूर्वी दोन्ही रूपे एका रूपात आणून घ्यावीत. तो आम्ही केला. मराठीत संकेतस्थळे काढणाऱ्या प्रत्येकाने तो करावा असा माझा आग्रह आहे. पत्ते रोमन लिपीत ठेवून सुटका करून घेणे मला पसंत नाही.

आणि हो, काही पाहुणे 'नाही' ऐकण्यासाठीच येतात. याहूच्या शोधयंत्राचा 'स्लर्प' नावाचा फिरता हस्तक मुद्दाम एक असंभव नावाचे पान मागे. त्या पत्त्यात 'स्लर्प कन्फर्म ४०४' असे शब्दच असत. नसलेल्या वस्तूला तुम्ही स्पष्टपणे 'नाही' म्हणता की नाही, एवढेच त्याला पाहावयाचे असे. कारण जो सर्व्हर कशालाही 'आहे' म्हणतो, त्याच्या 'आहे'ला काही किंमत उरत नाही. हे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही मी काय केले, ते आता सांगतो.

कुलपे चाचपणाऱ्यांच्या ओळींना मी कंटाळलो होतो. कार्यकारिणीच्या बैठकीत कोणीतरी महिन्याचा तक्ता पाहून विचारले, "एवढे 'सापडले नाही' कशाला? आपली बदनामी होते." मीही फार विचार न करता एक सोपी युक्ती केली. नसलेले पान कोणी मागितले, की त्याला मुकाट्याने मुखपृष्ठ द्यावे आणि वहीत २०० लिहावे. पुढच्या महिन्याचा तक्ता गंगेत न्हालेल्यासारखा निर्मळ आला. माझे अभिनंदनही झाले.

आमचे वाचनालय गरजू विद्यार्थ्यांना दरवर्षी शिष्यवृत्ती देते. रक्कम मोठी नाही. पण वह्या-पुस्तके आणि परीक्षेची फी तीत भागते. अर्ज संकेतस्थळावर असतो, आणि त्याचा पत्ता छापलेली पत्रके आसपासच्या शाळांतून वाटतात. त्या वर्षी अर्ज नेहमीपेक्षा कमी आले. कोणाला विशेष वाटले नाही. मुदत संपण्याच्या चार दिवस आधी शेजारच्या गावचे एक गृहस्थ एस.टी.ने आले. हातात घडी घातलेले पत्रक. म्हणाले, "मुलगी दोन दिवस फोनवर बसली आहे. तुमचे पान उघडते, पण त्यात अर्ज काही दिसत नाही. बंद केली काय शिष्यवृत्ती?"

मी पत्रक हातात घेतले आणि पाहताक्षणी उमगले. पत्रक अरुंद रकान्यात छापले होते. पत्त्यातला 'शिष्यवृत्ती' हा रोमन अक्षरांतला शब्द ओळीच्या शेवटी मावला नाही, तेव्हा छापखान्यातल्या संगणकाने आपल्या शिरस्त्याप्रमाणे तो 'शिष्य'पाशी तोडून पुढे आडवी रेघ दिली होती. खिळे जुळवणारा जुना जुळारी कदाचित थबकला असता; कदाचित नसता. ज्या मुलांनी रेघ हा पत्त्याचाच भाग समजून टंकली, ती सारी चुकीच्या पत्त्यावर गेली. ज्यांनी ती गाळली ती बरोबर पोचली. म्हणूनच काही अर्ज येत राहिले आणि कोणाला संशय आला नाही. माझी युक्ती नसती, तर पहिल्याच दिवशी एकाच विचित्र पत्त्यावर ४०४ ची रांग लागली असती. ती रांग माझ्या नजरेतून सुटली नसती, कारण रेफरर नाही, सगळे फोनवरून आलेले, आणि प्रत्येकाने बोधचिन्ह मागितलेले. हाताने टंकून आलेली माणसे अशीच दिसतात. पण मीच सर्वांना 'ठीक' म्हणून मुखपृष्ठावर आणून सोडले होते.

वही खोटे लिहीत नाही. पत्ता तिने लिहून ठेवलाच होता, फक्त शेरा माझ्या हुकमाने बदलला होता. त्या रात्री मी २०० च्या गर्दीतून त्या रेघेच्या ओळी वेचून काढल्या. पहिली ओळ पत्रके वाटली त्याच दिवशीची, संध्याकाळची, शाळा सुटल्यानंतरची. काही ठिकाणी दिसले, की मुलाने एकदा चूक पत्ता टंकला आणि मिनिटभराने रेघ गाळून बरोबर टंकला. काही ठिकाणी तोच चूक पत्ता तीनदा, चारदा, आणि नंतर काही नाही. एका क्रमांकावरून रात्री साडेअकरापर्यंत प्रयत्न चालला होता. ते कोण होते हे त्या आकड्यांवरून कळत नाही, आणि कळू नये हेही बरोबर आहे. त्यामुळे त्यांना पत्र पाठवता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी युक्ती मी मागे घेतली. चुकीच्या पत्त्यावर येणाऱ्याला कायमचे बरोबर पानाकडे वळवणारा फलक लावला. त्याचा आकडा ३०१. शाळांना फोन केले, कार्यकारिणीने मुदत पंधरा दिवसांनी वाढवली. चिटणीसांनी कारण काय लिहू म्हणून विचारले, तेव्हा मी 'छपाईतील दोष' न लिहिता 'संकेतस्थळ सांभाळणाऱ्याची चूक' असे लिहावयास सांगितले. त्यांनी 'तांत्रिक अडचण' असे लिहिले. वाढीव मुदतीत आणखी अर्ज आले; त्या गृहस्थांच्या मुलीचाही आला. रात्री साडेअकरापर्यंत बसलेल्या मुलाचा त्यांत होता की नाही, हे मला सांगता येत नाही.

मासिक तक्त्यात आता 'सापडले नाही' हा रकाना मोठाच असतो. सभासद विचारतात, मी समजावून सांगतो, आणि पुढच्या महिन्यात ते पुन्हा विचारतात. रेघेच्या पत्त्यावरचा फलक मी अजून काढलेला नाही. पत्रके शाळांच्या फलकांवर पिवळी पडेपर्यंत राहतात. गेल्याच आठवड्यात त्या पत्त्यावर एक ओळ उमटली : फोनवरून, कोणाच्या सांगण्याशिवाय, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, आणि पुढच्याच ओळीत अर्ज उघडलेला.